उंदराच्या ट्यूमरसाठी कोणतं काँट्रास्ट सरस, हे ठरवायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही कळेल. तुम्ही गॅडोलिनियम बसवलेले नॅनोकण तयार केलेत. रिलॅक्सोमीटरवर त्यांची रिलॅक्सिव्हिटी (एक मिलिमोलर एजंट पाण्याचं आर१, म्हणजे १/टी१, किती वाढवतो तो आकडा) १५ आली आणि गॅडोपेंटेटेट या नेहमीच्या काँट्रास्ट एजंटची ४, म्हणजे जवळजवळ चौपट. मग बाल्ब/सी जातीच्या उंदरांना ४टी१ हा स्तनाच्या कर्करोगाचा ट्यूमर लावून ७ टेस्लाच्या एमआरआय मशीनवर दोन्हींची तुलना केलीत, इंजेक्शननंतर १० मिनिटांनी. चित्रात मात्र गॅडोपेंटेटेटच जास्त उजळ दिसलं. गाइड म्हणतात डोस वाढवा, आणि तुम्ही विचारताय की यातला खरंच चांगला एजंट कोणता आणि रिव्ह्यूअरला पटेल अशी तुलना करायची कशी.

डोस वाढवू नका, निदान आत्ता तरी. तुमचा निकाल मला विचित्र वाटत नाही. तो असाच यायला हवा होता. ट्यूमर 'उजळ दिसतो' तेव्हा त्यात तीन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, त्या एजंटचा एक मिलिमोल तुमच्या चुंबकात पाण्याचा टी१ (ढळलेले प्रोटॉन पूर्ववत व्हायला लागणारा वेळ; तो कमी तितकं चित्र उजळ) किती खाली आणतो. दोन, त्या क्षणी ट्यूमरमध्ये एजंट आहे किती. तीन, तुमचा सीक्वेन्स, म्हणजे स्कॅन घ्यायची ठरलेली पद्धत, या बदलाचं सिग्नलमध्ये रूपांतर कसं करतो. पहिली गोष्ट तुम्ही मोजलीत पण वेगळ्याच चुंबकात, तिसरी डोळ्यांनी पाहिलीत, आणि सगळा निकाल जिच्यावर फिरतो ती दुसरी गोष्ट मोजायची राहिली.

काही गोष्टी तुमच्या कणांवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत: आकार किती, वर पेगचा (पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरचा) थर आहे का, रक्तात किती वेळ टिकतात. कण साडेपाच नॅनोमीटरच्या आतले असतील तर मूत्रपिंडं त्यांना बाहेर काढतात आणि ते बरेचसे साध्या गॅडोलिनियम एजंटसारखेच वागतात. मोठे असतील तर यकृत आणि प्लीहा त्यांच्यावर टपूनच बसलेले असतात. मी धरून चालते की कण ५० नॅनोमीटरच्या आसपासचे, पेग लावलेले आहेत, आणि ट्यूमर स्तनग्रंथीत लावलाय. यातलं काही वेगळं असेल तर पुढचे आकडे बदलतील, पण विचाराची दिशा तीच राहील.

आधी रिलॅक्सोमीटरचं बघू. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळांत सहसा ६० मेगाहर्ट्झचा असतो, म्हणजे १.४१ टेस्ला. ७ टेस्लाला प्रोटॉनची फ्रिक्वेन्सी ३०० मेगाहर्ट्झच्या घरात जाते. गॅडोलिनियमचा छोटा कीलेट (धातूला पकडून ठेवणारा रेणू, गॅडोपेंटेटेट त्यातलाच) पाण्यात फार भरभर गिरक्या घेतो, शंभरेक पिकोसेकंदांच्या हिशोबात. त्यामुळे त्याची रिलॅक्सिव्हिटी कमी असते, पण चुंबक बदललं तरी ती फारशी हलत नाही. तोच कीलेट मोठ्या कणाला बांधला की गिरकी मंदावते आणि साधारण २० ते ६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रिलॅक्सिव्हिटी उसळी घेते. तुम्ही नेमकं त्या उसळीच्या जागी मोजलंत. चुंबक पुढे वाढत जाईल तशी ती घसरते, आणि ३०० मेगाहर्ट्झला निम्म्याच्याही खाली आली तर मला नवल वाटणार नाही. तुमचे १५ तिथे ६ असू शकतात. १ टेस्लाच्या छोट्या टेबलावरच्या मशीनवर हेच कण फार देखणे दिसले असते, हे इथे नोंदवून ठेवा. पेपरमध्ये चर्चेच्या भागात उपयोगी पडेल.

म्हणून पहिलं काम असं, की ज्या मशीनवर उंदीर ठेवता त्याच मशीनवर नळ्या ठेवायच्या. ०, ०.१, ०.२५, ०.५ आणि १ मिलिमोलर, दोन्ही एजंटच्या. पाण्यात नाही, उंदराच्या प्लाझ्मात, कारण अल्ब्युमिनला (रक्तातल्या मुख्य प्रथिनाला) चिकटणारी रसायनं जातीनुसार वेगळी वागतात. गॅडोफोसव्हेसेट हे काँट्रास्ट माणसाच्या अल्ब्युमिनला जितकं घट्ट बसायचं तितकं उंदराच्या अल्ब्युमिनला बसत नसे, आणि माणसाच्या सीरममधले आकडे उंदरावर लावले की हिशोब गडगडायचा. तापमान ३७ अंश ठेवा. मशीनच्या बोगद्यात एसीमुळे नळ्या हळूहळू गार होतात आणि गार नळीचा आकडा उंदराला लागू पडत नाही. उंदराच्या पाळण्यात कोमट पाणी फिरवायची सोय असते, तीच नळ्यांना लावा. शिवाय नळीतलं गॅडोलिनियम तराजूवरच्या वजनावरून धरू नका, आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या यंत्रावर मोजून घ्या. नॅनोकणांत प्रत्यक्ष किती गॅडोलिनियम बसलंय हे बॅचगणिक बदलतं.

आता वहीत करता येईल असा हिशोब. २० ग्रॅमच्या उंदराला ०.१ मिलिमोल प्रति किलो दिलं तर एकूण २ मायक्रोमोल झाले. त्याच्या अंगात प्लाझ्मा साधारण ०.८ मिलिलिटर, म्हणजे सुरुवातीला प्लाझ्मात अडीच मिलिमोलरच्या आसपास. छोटा कीलेट लगेच वाहिन्यांबाहेर झिरपतो आणि मूत्रपिंडांतून निघूनही जायला लागतो. १० मिनिटांनी ट्यूमरमध्ये त्याचे ०.३ मिलिमोलर आहेत असं धरू. ७ टेस्लाला ट्यूमरचा मूळ टी१ दोनेक सेकंद, म्हणजे आर१ (१/टी१) झाला ०.५ प्रति सेकंद. त्यात ०.३ गुणिले ४, म्हणजे १.२ ची भर पडली. नवा आर१ १.७, टी१ ०.६ सेकंदांच्या आत. चित्र झकास उजळतं.

तुमचे कण त्याच १० मिनिटांत बहुतेक रक्तातच फिरत असतात. प्लाझ्मात अडीच मिलिमोलर, रिलॅक्सिव्हिटी ६ धरली, आणि ट्यूमरच्या आकारमानात प्लाझ्मा ५ टक्के धरला, तर सरासरी भर ०.७५ ची. टी१ येतो ०.८ सेकंद. म्हणजे ट्यूमर उजळतो, पण गॅडोपेंटेटेटपेक्षा कमी, आणि जेवढा उजळतो तोही रक्तामुळे. ट्यूमरच्या पेशींच्या आसपास अजून काहीच साचलेलं नाही. कितीतरी पेपरांत 'ट्यूमरमध्ये साठा झाला' म्हणून जे चित्र छापलं जातं ते खरं तर रक्तवाहिन्यांचं चित्र असतं. ओळखायचं कसं? त्याच स्लाइसमधली मोठी शीर आणि पाठीचा स्नायू पाहा. शीर ट्यूमरइतकीच किंवा जास्त चमकत असेल तर घाई करू नका.

२४ तासांनंतर चित्र पालटतं. छोटा कीलेट केव्हाच निघून गेलाय. त्याची भर शून्य. कणांचा मात्र थोडा साठा उरलाय. किती, तर समजा इंजेक्शनच्या २ टक्के प्रति ग्रॅम ट्यूमर. मग ०.०४ मिलिमोलर गुणिले ६, म्हणजे ०.२४ ची भर, आणि टी१ येतो १.३५ सेकंदांवर. दोन सेकंदांवरून १.३५ म्हणजे मोजता येण्याजोगा बदल आहे, पण डोळे दिपवणारा नाही. मी २ टक्के उगाच धरले नाहीत. १९८६ मध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी मांडलेल्या ईपीआर परिणामावर, म्हणजे गळक्या वाहिन्यांतून मोठे रेणू ट्यूमरमध्ये जाऊन तिथेच अडकतात या कल्पनेवर, नॅनोकणांचं सगळं दुकान उभं आहे. पण २०१६ मध्ये 'नेचर रिव्ह्यूज मटेरियल्स'मध्ये जो मोठा आढावा आला त्यात आधीच्या दहा वर्षांतल्या प्रयोगांचा मध्यक निघाला ०.७ टक्के: दिलेल्या डोसपैकी अख्ख्या ट्यूमरमध्ये एवढंच पोचतं. ०.२५ ते ०.३ ग्रॅमच्या ट्यूमरला ते दोन-तीन टक्के प्रति ग्रॅमच्या जवळ जातं. तेही उंदरात, जिथे ट्यूमर झपाट्यानं वाढलेला आणि वाहिन्या जास्तच गळक्या असतात.

तेव्हा १० मिनिटांवर दोघांना एका रेषेत उभं करणं म्हणजे डेक्कन क्वीन आणि मालगाडी एकाच वेळी पुण्यात पोचल्या का, हे तपासण्यासारखं आहे. दोघींची वेळ निराळी, कामही निराळं. छोट्या एजंटसाठी पहिली १५-२० मिनिटं सलग स्कॅन घ्या. कणांसाठी तीच सुरुवातीची मिनिटं, मग १, ४, २४ आणि ४८ तास. तुलना करायची ती प्रत्येकाच्या स्वतःच्या शिखरावर, आणि सोबत पूर्ण वेळेचा आलेख दाखवायचा.

पण त्याआधी 'चांगला' म्हणजे कशासाठी चांगला, हे ठरवून टाका, कारण त्यावरच एजंट ठरतो. ट्यूमरची कड स्पष्ट दिसायला हवी असेल तर छोटा मॅक्रोसायक्लिक (गॅडोलिनियमला बंद कड्यात धरणारा) कीलेट बस झाला, नॅनोकणांची काही गरज नाही. वाहिन्या किती गळतात हे औषधाआधी आणि औषधानंतर मोजायचं असेल, तर छोट्या कीलेटचा के-ट्रान्स (एजंट रक्तातून ट्यूमरमध्ये किती वेगानं जातो तो आकडा) रक्तप्रवाह आणि गळती या दोन्हींची मिसळ असतो. प्रवाह कमी झाला की गळती कमी झाल्यासारखी दिसते. तिथे अल्ब्युमिनला बांधलेलं गॅडोलिनियम किंवा तुमच्यासारखे मोठे कण खरे कामाचे, कारण ते सावकाश झिरपतात आणि त्यांचा आकडा भिंतीबद्दल जास्त सांगतो. ही जागा तुमच्या कणांची आहे असं मला वाटतं. 'चौपट उजळ' या दाव्यापेक्षा हा दावा तुम्हाला टिकवता येईल.

तुलनेसाठी समोर कोण उभा करायचा, हाही प्रश्न आहे. गॅडोपेंटेटेट १९८८ मध्ये आलं आणि जुन्या पेपरांत तेच दिसतं म्हणून सगळे तेच घेतात. पण तो लिनियर, म्हणजे उघड्या साखळीचा कीलेट आहे. २००६ मध्ये मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णांतल्या एनएसएफ या, त्वचा आणि आतले अवयव कडक करणाऱ्या आजाराशी गॅडोलिनियमचा संबंध लक्षात आला, २०१४ मध्ये जपानमधून मेंदूच्या काही केंद्रकांत वारंवार डोसनंतर उरलेल्या सिग्नलची बातमी आली, आणि २०१७ मध्ये युरोपच्या औषध संस्थेनं गॅडोडायमाइड, गॅडोव्हर्सेटामाइड आणि शिरेतून द्यायचं गॅडोपेंटेटेट थांबवायची शिफारस केली. आज तुमचा रिव्ह्यूअर विचारणारच की जे मागे पडलंय त्याच्याशी तुलना का केली. गॅडोटेरेट किंवा गॅडोब्युट्रॉल घ्या. एक सावधगिरी: गॅडोब्युट्रॉलची बाटली १ मोलर असते, बाकीच्या बहुतेक ०.५ मोलर. विद्यार्थी सवयीनं तितकेच मायक्रोलिटर ओढतात आणि डोस दुप्पट होतो.

जमलं तर गॅडोपिक्लेनॉलही ठेवा. २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याचा गॅडोलिनियम पाण्याचे दोन रेणू धरतो, नेहमीचे कीलेट एकच धरतात. म्हणून रेणू छोटाच राहून रिलॅक्सिव्हिटी दुपटीच्या वर जाते, आणि मोठ्या चुंबकात ती नॅनोकणांसारखी कोसळत नाही. माणसात त्याचा डोस निम्मा आहे, ०.०५ मिलिमोल प्रति किलो. आता तुलना समान मोलवर करायची की ज्याच्या त्याच्या ठरलेल्या डोसवर? दोन्ही करा, पण दोन वेगळे प्रश्न म्हणून. समान मोलवर तुम्हाला रसायन कळतं, ठरलेल्या डोसवर उपयोग कळतो. एकाच आलेखात दोन्ही कोंबले की वाचणारा गोंधळतो.

इंजेक्शनबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण निम्मे 'एजंटमधले फरक' इथेच तयार होतात. मघाचे २ मायक्रोमोल म्हणजे ०.५ मोलर बाटलीतले फक्त ४ मायक्रोलिटर. ते सरळ देता येत नाहीत, पातळ करावे लागतात. मी ४० मिलिमोलर करते, म्हणजे डोस ५० मायक्रोलिटरमध्ये बसतो. शेपटीतल्या सुईपासून चुंबकाबाहेरच्या सिरिंजपर्यंत पीई-१० ची नळी असते. तिचा आतला व्यास ०.२८ मिलिमीटर. एक मीटर नळीत ६२ मायक्रोलिटर मावतात. म्हणजे तुमचा अख्खा डोस नळीतच मावला आणि वर जागा उरली! मागून सलाइन ढकललं नाही तर उंदराला काहीच मिळत नाही, आणि थोडंच ढकललं तर कुणाला निम्मं, कुणाला पाऊण. नळीतलं पुढचं सलाइन ६२, डोस ५० आणि मागचं फ्लश ७०, मिळून १८२; त्यातले शेवटचे ६२ नळीतच उरतात, म्हणजे उंदरात १२० जातात. हे सावकाश द्यायचं असेल तर चालतं. २०० च्या पुढे २० ग्रॅमच्या उंदराला नको. झटक्यात द्यायचं असेल तर मर्यादा १०० च्या आसपास, तेव्हा नळीच आखूड करा.

पोचलं की नाही हे पाहायची सोपी युक्ती आहे: एक मूत्रपिंड चित्राच्या चौकटीत ठेवा. छोटा कीलेट नीट गेला असेल तर पहिल्या मिनिटातच मूत्रपिंडाची बाहेरची कड उजळते. ती उजळली नाही आणि शेपूट सुईच्या जागी फुगलेली दिसली, तर तो उंदीर तुलनेतून बाद. मूत्राशयाकडेही नजर जाते. तिथे गॅडोलिनियम इतकं दाटतं की टी१ चित्रात उजळण्याऐवजी काळं पडतं. नवीन मुलं ते पाहून घाबरतात. टी२* चा, म्हणजे सिग्नल लवकर विझवणारा परिणाम टी१ वर मात करतो, एवढंच. पण हीच गोष्ट झटक्यात दिलेल्या डोसच्या पहिल्या काही सेकंदांत मोठ्या शिरांमध्येही होते, आणि तिथून रक्ताचा आलेख काढत असाल तर शिखर कापलं जातं. एको टाइम (सिग्नल टिपण्याआधी जाणारा वेळ) जितका आखूड करता येईल तितका करा.

यावरूनच चित्रातला उजळपणा हा आकडा म्हणून का वापरू नये ते कळेल. सिग्नल आणि मात्रा यांचं नातं सरळ रेषेचं नसतं. एका मर्यादेनंतर मात्रा वाढली तरी सिग्नल अडतो, मग घसरतो. वर ट्यूमरचा मूळ टी१ दर उंदराला थोडा वेगळा. त्यामुळे काँट्रास्टच्या आधी टी१ मॅप (जागोजागचा टी१ दाखवणारं चित्र), नंतर टी१ मॅप, आणि दोन्हींतून आर१ मधला फरक. तो रिलॅक्सिव्हिटीने भागला की मिलिमोलर मिळतात, आणि तेव्हाच दोन एजंट एकाच पट्टीवर येतात. रेडिओ लहरी सरफेस कॉइलनं (अंगावर एका बाजूला ठेवायच्या) पाठवताय की व्हॉल्यूम कॉइलनं (उंदराभोवतीच्या), ते तुमच्या इमेजिंगवाल्यांना विचारा. सरफेस कॉइलनं पाठवत असाल तर फ्लिप अँगल (प्रोटॉन ढळवण्याचा कोन) जागोजागी बदलतो आणि दोन-तीन फ्लिप अँगलवरून काढलेला टी१ मॅप फसवा निघतो. मग रिपीटिशन टाइम (दोन पल्समधला वेळ) बदलत जाणारा सीक्वेन्स बरा. उंदराशेजारी माहीत असलेल्या टी१ ची एक नळी कायम ठेवा. मशीन दिवसभरात जरा सरकलं तर तीच सांगते.

इथपर्यंतचं थोडक्यात असं: रिलॅक्सिव्हिटी त्याच मशीनवर मोजा, वेळ एजंटनुसार ठरवा, समोर मॅक्रोसायक्लिक ठेवा, आणि उजळपणाऐवजी आर१ चा फरक लिहा.

आता ४टी१ बद्दल. हा ट्यूमर फार लवकर आतून मरतो. थोडा मोठा झाला की मधे मृत भाग, भोवती जिवंत कड. छोटा कीलेट दिल्यावर सुरुवातीला फक्त कड चमकते आणि मधला भाग काळा राहतो. मग अर्ध्या-एक तासात कड फिकी पडू लागते आणि मधला भाग हळूहळू भरत जातो, कारण तिथे रक्तवाहिन्या नाहीत, गॅडोलिनियम कडेकडून झिरपत येतं आणि बाहेर न्यायला कुणी नसतं. दोन्ही वेळी अख्ख्या ट्यूमरची सरासरी काढली तर जवळपास सारखी येऊ शकते, आणि चित्रं मात्र एकमेकांच्या उलट! कण तर मधे पोचतच नाहीत. म्हणून कड आणि गाभा वेगळे मोजा. रेषा काँट्रास्टच्या आधीच्या टी२ चित्रावर आखा, आणि आखणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे माहीत नसू द्या. काँट्रास्टनंतरच्या चित्रावर आखलं की हात आपोआप उजळ भागाकडे वळतो. ट्यूमर लहान असतानाच, १०० ते ३०० घन मिलिमीटरच्या दरम्यान, काम उरका.

शक्य असेल तिथे दोन्ही एजंट एकाच उंदरात पाहा. दोन उंदरांच्या ट्यूमरमधला फरक बऱ्याचदा दोन एजंटमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. छोटे कीलेट एका दिवसात साफ होतात, तेव्हा आज एक, उद्या दुसरा. पण ४टी१ एका दिवसातही वाढतो, म्हणून निम्म्या उंदरांना क्रम उलटा. तुमची अडचण अशी, की कण आधी दिले तर ते दुसऱ्या दिवशीही आतच असतात, त्यामुळे उलटा क्रम शक्यच नाही. अशा वेळी मी एक छोटा गट ठेवते, ज्याला दोन्ही दिवशी छोटा कीलेटच द्यायचा. त्या गटात पहिल्या आणि दुसऱ्या दिवसात जो फरक दिसेल तो ट्यूमर वाढल्याचा; उरलेल्या गटात त्याहून जास्त जो दिसेल तो एजंटचा. रिव्ह्यूअर हा प्रश्न विचारतातच आणि तेव्हा हाच गट वाचवतो. भूलही दोन्ही दिवशी तीच ठेवा. आयसोफ्लुरेन दीड टक्क्याच्या आसपास, अंगाचं तापमान ३७. गारठलेल्या उंदराचा रक्तप्रवाह खाली जातो आणि के-ट्रान्स आपोआप 'सुधारतो', म्हणजे कमी येतो.

लोहकणांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण गाइड उद्या विचारतील. फेरुमॉक्सिटॉल मूळचं रक्तक्षयाचं औषध, २००९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं, कण ३० नॅनोमीटरच्या आसपास. २०१५ मध्ये तीव्र अ‍ॅलर्जीबद्दल त्यावर ठळक इशारा आला. ते टी२* चित्र काळं करतं. त्याची खरी ताकद २४ तासांनंतर दिसते, ट्यूमरमधल्या मॅक्रोफेजनी (परकं ते गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींनी) कण गिळल्यावर. तुमचा प्रश्न मॅक्रोफेजचा असेल तरच ते घ्या. ट्यूमरमध्ये रक्तस्राव असतो आणि तोही काळाच दिसतो, त्यामुळे आधीचं चित्र नसेल तर पुढच्या चित्राला काही अर्थ नाही. पुरावा म्हणून लोह दाखवणाऱ्या प्रशियन ब्लूनं रंगवलेली स्लाइड आणि शेजारी मॅक्रोफेज दाखवणाऱ्या एफ४/८० ची. आणि लोह हे प्रत्येक उंदराचं शेवटचं स्कॅन. ते आठवडेच्या आठवडे यकृतातून हलत नाही. आणखी एक: २०१६ मध्ये 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'त आलं की फेरुमॉक्सिटॉल मॅक्रोफेजचा स्वभाव बदलून उंदरातल्या ट्यूमरची वाढच रोखतं. त्यामुळे औषधाच्या प्रयोगात सुरुवातीला ते देऊन बसलात तर औषधाचा परिणाम कुठला आणि काँट्रास्टचा कुठला, हे वेगळं करता येणार नाही.

बाकीचे पर्याय भराभर. गॅडोक्सेटेट यकृतातल्या ट्यूमरसाठी उत्तम, कारण निरोगी यकृतपेशी ते ओढून घेतात आणि ट्यूमर काळा उरतो. स्तनग्रंथीत त्याचा विशेष फायदा नाही. मँगनीज क्लोराइड मेंदूच्या कामासाठी छान, पण हृदयाला जड; ट्यूमरसाठी मी सुचवणार नाही. मेंदूतला ग्लायोमा हा ट्यूमर असेल तर सगळा हिशोब नव्यानं करायचा, कारण रक्त-मेंदू अडथळा जिथे शाबूत आहे तिथे काहीच उजळत नाही, मग एजंट कितीही भारी असो. पसरत जाणाऱ्या ग्लायोमात उजळलेला भाग आणि खरा ट्यूमर यांत मोठी तफावत असते.

शेवटच्या स्कॅननंतर ट्यूमर, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड आणि रक्त यांचं गॅडोलिनियम आयसीपी-एमएसवर मोजा. एमआरआय सांगतो तेवढे मिलिमोलर आणि आयसीपी सांगतं तेवढे जुळले तर तुमचं काम पक्कं. एमआरआयचा आकडा कमी आला तर कण पेशींच्या आत गठ्ठ्यानं बसलेत आणि पाण्यापासून तुटलेत, अशी दाट शक्यता. हे खरं तर लिहिण्यासारखं निरीक्षण आहे, लपवण्यासारखं नाही. इंजेक्शनच्या आधी मोकळं गॅडोलिनियम तपासायला विसरू नका. झायलिनॉल ऑरेंज हे रंगद्रव्य पीएच ५.८ ला पिवळं असतं, मोकळे गॅडोलिनियमचे आयन मिळाले की जांभळट होतं. कण प्लाझ्मात २४ तास ३७ अंशांवर ठेवून पुन्हा तपासा. ताज्या बॅचमध्ये पिवळं राहणारे कण दुसऱ्या दिवशी जांभळे झालेले दिसले, तर उंदरापर्यंत जायचंच नाही.

एवढं सगळं करायचं तर एथिक्स कमिटीकडे सुधारित फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाचा अर्ज) लागेल, कारण एका उंदराला दोन इंजेक्शनं आणि दोनदा भूल हे तुमच्या मूळ अर्जात बहुधा नसेल. एकाच उंदरात तुलना केल्यानं एकूण उंदीर कमी लागतात, हे कारण सीसीएसईएच्या (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी समितीच्या) चौकटीत सहज बसतं. ते अर्जात ठळक लिहा. गाइडना डोस वाढवायचाच असेल तर आधी नळ्यांचे ७ टेस्लाचे आकडे त्यांच्यासमोर ठेवा. ते आकडे आणि काँट्रास्टच्या आधीच्या टी१ मॅपमधले ट्यूमरचे आकडे इथे टाकलेत, तर फ्लिप अँगल आणि एको टाइम किती ठेवायचे यावर नेमकं बोलता येईल.